व्यवसाय प्रशासनाचे दूरस्थ अध्ययन

व्यवस्थापनशास्त्राचा पाया ज्या ग्रंथांनी घातला, त्यांचे कर्ते कोण होते हे पाहू गेल्यास एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते, ती ही की, त्यांतले कित्येक जण विद्यापीठांत शिकवणारे आचार्य नव्हते. खाणीत, कारखान्यात किंवा कचेरीत ज्यांचे आयुष्य गेले, अशी ती माणसे होती. हेन्री फेयॉल हा फ्रेंच खाण-अभियंता वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे १८६० साली, एका कोळसा-पोलाद कंपनीच्या नोकरीत शिरला, १८८८ साली ती कंपनी डबघाईला आली असता तिचा मुख्य कारभारी झाला, आणि तिला सावरून पुढे तीस वर्षे तो हुद्दा सांभाळत असतानाच नियोजन, संघटन, आज्ञापन, समन्वय आणि नियंत्रण ही व्यवस्थापनाची पाच अंगे व चौदा तत्त्वे सांगणारे आपले विवेचन त्याने १९१६ साली प्रसिद्ध केले. चेस्टर बर्नार्ड हा न्यू जर्सीतील एका टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष. हार्वर्डमधील शिक्षण त्याने पदवी न घेताच सोडले होते, तरी १९३८ साली त्याने लिहिलेला प्रशासकाच्या कार्यांविषयीचा ग्रंथ आजही अभ्यासला जातो. या सर्वांत फ्रेडरिक टेलरची कथा आपल्या विषयाला विशेष लागू पडते. १८७८ साली फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात हा गृहस्थ साधा मजूर म्हणून रुजू झाला, तेथेच एकेक पायरी चढत मुकादम आणि पुढे प्रमुख अभियंता झाला, आणि हे सर्व चालू असताना, नोकरीत खंड न पडू देता, बहुतांशी घरी अभ्यास करून त्याने १८८३ साली स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटची यंत्र-अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे’ या पुस्तकाने जगातील कारखान्यांची कार्यपद्धती बदलली, हे सर्वश्रुत आहे.

नोकरी करता करता दूरस्थ पद्धतीने व्यवसाय प्रशासनाची पदवी घेऊ पाहणाऱ्या तरुणाला आपण काहीतरी दुय्यम, नाइलाजाचे करीत आहोत असे पुष्कळदा वाटते, आणि त्याच्या घरच्यांना तर ते त्याहून अधिक वाटते. वैद्यकाच्या किंवा रसायनशास्त्राच्या बाबतीत ही शंका रास्त आहे, कारण शवविच्छेदनाचे टेबल आणि प्रयोगशाळा टपालाने घरी येत नाहीत. परंतु व्यवसाय प्रशासन या विद्येची प्रयोगशाळा म्हणजे चालता व्यवसायच होय, आणि तो महाविद्यालयाच्या वर्गात नसतो. अठरा वर्षांचा जो विद्यार्थी सकाळी वर्गात बसून ‘अधिकार आणि उत्तरदायित्व यांचा समतोल’ लिहून घेतो, त्याने कोणाच्या हाताखाली काम केलेले नसते आणि कोणाकडून करवूनही घेतलेले नसते. उलट एखाद्या पतसंस्थेत कारकुनी करणारा, वडिलांच्या किराणा दुकानाचा हिशेब ठेवणारा किंवा औद्योगिक वसाहतीत पाळी सांभाळणारा विद्यार्थी तेच वाक्य वाचतो, तेव्हा काल संध्याकाळी घडलेला एखादा प्रसंग त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. माझे म्हणणे इतकेच आहे की, या विशिष्ट विषयात दूरस्थ विद्यार्थ्याच्या हाती वर्गातल्या विद्यार्थ्याजवळ नसलेले एक साधन असते. ते त्याने ओळखून वापरले पाहिजे, आणि त्याच्याजवळ जे नसते त्याची भरपाईही तितक्याच जाणीवपूर्वक केली पाहिजे.

विद्यापीठाच्या आवारात पाऊल न ठेवता पदवी घेण्याची कल्पना आपण समजतो तितकी अर्वाचीन नाही. आयझॅक पिटमन याने १८४० च्या सुमारास इंग्लंडच्या नव्या स्वस्त टपालाचा लाभ घेऊन लघुलेखनाचे धडे पत्राने पाठवावयास आरंभ केला होता. आणि लंडन विद्यापीठाने १८५८ सालच्या सनदेनुसार, अध्ययन कोठेही केलेले असो, परीक्षेस उतरणाऱ्यास पदवी देण्याची वाट मोकळी केली. त्याच लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर १८५७ साली स्थापन झालेले आपले मुंबई विद्यापीठ आरंभी शिकवणारे नव्हतेच, ते परीक्षा घेणारे होते. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांकडे असे. पुढे बहिःस्थ विद्यार्थी हा एक वर्ग आपल्याकडे रूढ झाला. गावोगावचे कितीतरी प्राथमिक शिक्षक आणि कारकून याच वाटेने पदवीधर झाले. मात्र बहिःस्थ विद्यार्थ्याला विद्यापीठ अभ्यासक्रमाची यादी आणि परीक्षेची तारीख यांपलीकडे काही देत नसे. अध्ययन कसे करावे हा सर्वस्वी त्याचा प्रश्न होता. ही उणीव भरून काढण्यासाठी १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अध्यापन सुरू केले, आणि ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन होऊन १९७१ च्या जानेवारीत प्रत्यक्ष शिकवू लागलेल्या मुक्त विद्यापीठाने ग्रंथ, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि स्थानिक मार्गदर्शक यांची सांगड घालून त्या अध्यापनाला एका शास्त्राचे रूप दिले. १९८२ साली हैदराबादेत भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ उभे राहिले, १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाच्या परिसरातील गोवर्धन गावाच्या शिवारात असलेल्या या विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतले, आणि बारावीपर्यंत पोहोचू न शकलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाचे दार ठेवले, ही त्याची मोठी सामाजिक कामगिरी मानली पाहिजे. एक तपशील येथे आवर्जून नोंदवावासा वाटतो: इंदिरा गांधी विद्यापीठाने १९८७ साली प्रत्यक्ष अध्यापनास आरंभ केला तो दोन पदविकांनी, त्यांतली एक दूरशिक्षणाची होती आणि दुसरी व्यवस्थापनाची, आणि त्या दोहोंस मिळून ४,५२८ विद्यार्थी होते. देशव्यापी मुक्त विद्यापीठाच्या श्रीगणेशातच व्यवस्थापन हा विषय असावा, यात नवल नाही. नोकरीत असलेल्यांना ज्याची निकड सर्वाधिक भासते असा तो विषय आहे.

आता या पदवीत काय असते ते पाहू. वाणिज्य शाखेची पदवी आपल्याकडे जुनी आहे; मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ सालचे, आणि तेव्हापासून हिशेब, अंकेक्षण, बँकव्यवहार व व्यापारी कायदे यांना वाहिलेला बी.कॉम.चा अभ्यासक्रम मराठी मध्यमवर्गाच्या परिचयाचा आहे. व्यवसाय प्रशासनाच्या पदवीचा रोख निराळा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेफ व्हार्टन या कारखानदाराच्या देणगीतून १८८१ साली जे विद्यालय निघाले, तेथून ही परंपरा सुरू होते. आणि तिचा मूळ हेतू हिशेबनीस घडवण्याचा नसून, हिशेब, माणसे, माल, बाजार आणि कायदा या सर्वांचा एकत्र विचार करून निर्णय घेणारा माणूस घडवण्याचा आहे. त्यामुळे तीन वर्षांत विद्यार्थ्याला व्यवस्थापनाची तत्त्वे, वित्तीय व परिव्यय लेखांकन, सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, विपणन, मनुष्यबळ व्यवस्थापन, संघटनात्मक वर्तन, उत्पादन व पुरवठा, व्यापारी कायदे आणि उद्योजकता असे अनेक विषय थोडे थोडे शिकावे लागतात. या बहुविधतेवर उथळपणाचा आरोप होतो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु पदवीच्या पायरीवर निरनिराळ्या खात्यांच्या भाषा समजू लागणे हेच फार मोठे काम आहे, कारण कोठल्याही आस्थापनेत विक्री खाते आणि हिशेब खाते यांच्यात होणाऱ्या तंट्यांपैकी निम्मे तंटे एकमेकांची भाषा न कळल्यामुळे होतात.

दूरस्थ अध्यापनाचे मुख्य साधन म्हणजे पुस्तक. पण ते साधे पाठ्यपुस्तक नव्हे. सामान्य पाठ्यपुस्तक लिहिणारा लेखक असे गृहीत धरतो की, पुस्तकात जे अवघड आहे ते वर्गातला शिक्षक फोड करून सांगेल. स्वयं-अध्ययनाचे पुस्तक लिहिणाऱ्याला ही सवलत नाही. शिक्षकाचे काम त्यालाच पुस्तकाच्या पोटात करावे लागते. म्हणून असे पुस्तक लहान लहान घटकांत विभागलेले असते, प्रत्येक घटकाच्या आरंभी तो वाचल्यावर काय करता आले पाहिजे हे सांगितलेले असते, मध्येच वाचकाला थांबवून स्वतःची परीक्षा घेण्यास लावणारे प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरे शेवटी दिलेली असतात. बोर्ये होल्मबर्ग या स्वीडिश विद्वानाने अशा लेखनाचे स्वरूप मार्गदर्शित संभाषणाचे असावे, असे प्रतिपादन केले: लेखक वाचकाशी ‘तुम्ही’ म्हणून बोलतो, त्याच्या शंकेची आधीच चाहूल घेतो आणि तिचे निरसन करतो. अमेरिकेतील मायकेल मूर याने त्याच सुमारास आणखी एक विचार मांडला, तो असा की, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामधले खरे अंतर मैलांत मोजायचे नसते. संवाद जितका कमी आणि अभ्यासक्रमाचा साचा जितका ताठर, तितके ते अंतर अधिक. या न्यायाने पाहिल्यास दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून तीन वर्षांत शिक्षकाशी एकदाही न बोललेला विद्यार्थी हा, अभ्यासकेंद्रावरील रविवारच्या संपर्कसत्रात समंत्रकाला, म्हणजे तेथील मार्गदर्शक शिक्षकाला, दोन नेमके प्रश्न विचारणाऱ्या दूरस्थ विद्यार्थ्यापेक्षा, विद्येपासून अधिक दूर असतो.

पुस्तकातील ते मधले प्रश्न बहुतेक विद्यार्थी गाळून पुढे जातात. हे करू नये, असे मी कळकळीने सांगेन. वाचताना समजल्यासारखे वाटणे आणि पुस्तक मिटल्यावर ते स्वतःच्या शब्दांत लिहिता येणे यांत फार अंतर असते, आणि वर्गातला शिक्षक अचानक प्रश्न विचारून ते अंतर जसे उघडे पाडतो, तसे ते उघडे पाडणारे दुसरे साधन दूरस्थ विद्यार्थ्याजवळ नाही. गृहपाठाचेही तसेच. सामान्यतः ३० टक्क्यांपर्यंत गुण गृहपाठाला आणि उरलेले अंतिम परीक्षेला, अशी विभागणी असते. त्यामुळे गृहपाठ ही गुणांची बेगमी समजून तयार उत्तरे उतरवून काढण्याची वाईट प्रथा सर्वत्र पडली आहे. परंतु वर्षभरात एखादा जाणता माणूस आपले लेखन वाचून त्याच्या समासात दोन शब्द लिहील, असा प्रसंग दूरस्थ विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो तो एवढाच, आणि तोही उसन्या उत्तरांवर दवडला तर विद्यापीठाने काय शिकवले, ही तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

वेळेचा हिशेब आता स्पष्ट मांडला पाहिजे, कारण या वाटेवरून मध्येच परतणाऱ्यांपैकी बहुसंख्यांची चूक या हिशेबातच असते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, आणि मुक्त विद्यापीठांच्या प्रघातानुसार एक श्रेयांक म्हणजे वाचन, लेखन, गृहपाठ आणि संपर्कसत्रे मिळून अध्ययनाचे ३० तास. म्हणजे एकूण ३,६०० तास. वर्षाला १,२०० आणि आठवड्याला सुमारे २३. रोज आठ तासांची नोकरी, त्यात लोकलचा किंवा एस.टी.चा दोन तासांचा प्रवास, घरची कामे आणि लग्नकार्ये सांभाळून दररोज तीन तासांहून अधिक वेळ काढणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि ती सोपी आहे असे सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. ज्याला हे तास निघण्यासारखे नाहीत, त्याने पदवी सोडून न देता तिची मुदत लांबवावी. इंदिरा गांधी विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या पदवीला कमाल सहा वर्षांची मुदत मिळते, ती अशाच माणसांचा विचार करून ठेवलेली आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. शिवाय पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबण्याची आणि पुढे पुन्हा येऊन राहिलेले श्रेयांक पुरे करण्याची तजवीजही नव्या धोरणात आहे. बाळंतपण, बदली किंवा घरातील आजारपण यांमुळे ज्यांचे शिक्षण पूर्वी कायमचे तुटत असे, त्यांच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे.

परंतु तासांची संख्या हा एक भाग झाला. ते तास कसे भरायचे हा दुसरा, आणि येथेच आरंभी सांगितलेल्या प्रयोगशाळेचा विचार विस्ताराने करावयास हवा. एक उदाहरण घेऊ. समजा, एखादी विद्यार्थिनी तालुक्याच्या गावी आईबरोबर खानावळ चालवते. जागेचे भाडे, मदतनिसांचा पगार आणि वीज मिळून महिन्याचा ३०,००० रुपये खर्च असा आहे की, एक ताट गेले काय किंवा हजार गेली काय, तो चुकत नाही; लेखांकनाच्या पुस्तकात यास स्थिर खर्च म्हणतात. ताटाची किंमत ८० रुपये, आणि प्रत्येक ताटामागे शिधा, भाजी, तेल, गॅस यांचा बदलता खर्च ५५ रुपये. म्हणजे प्रत्येक ताट २५ रुपये मागे ठेवते, आणि ते २५ रुपये आधी स्थिर खर्चाचा खड्डा भरण्यास जातात. ३०,००० भागिले २५, म्हणजे महिन्याला १,२०० ताटे गेली की ना नफा ना तोटा. महिन्यात २५ दिवस खानावळ चालत असेल, तर रोजची ४८ ताटे. येथवरचे गणित शाळकरी आहे. आता समजा, समोर दुसरी खानावळ निघाली आणि आईने ताटाची किंमत पाच रुपयांनी उतरवायचे ठरवले. पाच रुपये म्हणजे ८० मागे सुमारे सहा टक्के, असे मनात येते. पण ताटामागे उरणारी रक्कम आता २५ वरून २० वर आली, आणि तोच खड्डा भरण्यास १,५०० ताटे लागू लागली. सहा टक्क्यांच्या सवलतीसाठी विक्री २५ टक्क्यांनी वाढली पाहिजे. हे वाक्य पुस्तकात सर्वसामान्य सूत्राच्या रूपाने असते आणि वर्गातला विद्यार्थी ते पाठ करतो. या मुलीला ते त्या रात्रीच्या निर्णयासाठी लागते.

तिच्याच खानावळीत पुढे आणखी एक धडा आहे. निम्मी गिऱ्हाइके महिनेवारीची, म्हणजे महिनाअखेर पैसे देणारी असली, तर त्यांच्या ६०० ताटांसाठी लागणारा शिधा, भाजी, तेल आणि गॅस यांचे ३३,००० रुपये तिला आधी पदरचे घालावे लागतात. वहीत नफा दिसतो आणि गल्ल्यात भाजीला पैसे नसतात, ही अवस्था लहान धंदेवाल्याला चांगली ठाऊक असते. पण तिचे कारण खेळत्या भांडवलाचा अपुरेपणा हे आहे, आणि त्यावर किंमत वाढवणे हा उपाय नसून वसुलीची मुदत महिन्याऐवजी पंधरवड्याची करणे, किंवा किराणा व्यापाऱ्याकडून तितक्याच मुदतीची उधारी मिळवणे हा उपाय आहे, हे शास्त्राने सांगितल्याशिवाय सहसा सुचत नाही. अनुभव प्रश्न देतो. त्याचे उत्तर अनुभवात नेहमी सापडतेच असे नाही, आणि म्हणून, ‘धंदा काय पुस्तकातून शिकता येतो?’ हा जो प्रश्न आपल्या समाजात वारंवार ऐकू येतो, त्यात अर्धेच तथ्य आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या दोहोंच्या मिलाफाचे उत्तम उदाहरण नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरानगरचे आहे. शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना तेथे १९५० च्या सुमारास उभा राहिला, तो विठ्ठलराव विखे पाटील यांच्या लोकसंग्रहातून आणि व्यवहारज्ञानातून. परंतु त्याच्या अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळ होते, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रमुख आणि देशातील एक अग्रगण्य अर्थशास्त्रज्ञ. शेतकऱ्यांना एकत्र आणण्याची किमया एकाजवळ होती आणि भांडवल, भाग व भाव यांची शास्त्रीय मांडणी दुसऱ्याजवळ. आज अशा साखर कारखान्यांत, दूधसंघांत, पतसंस्थांत आणि बाजार समित्यांत काम करणारे हजारो पदवीधर आणि अर्धशिक्षित तरुण आहेत, आणि दूरस्थ पद्धतीने व्यवसाय प्रशासन शिकण्याची गरज माझ्या मते सर्वांत अधिक त्यांना आहे. कारण या संस्थांचे दप्तर सांभाळणारी माणसे नियम जाणतात, परंतु ताळेबंद वाचून संस्थेची प्रकृती ओळखणारी माणसे त्यांत फार थोडी असतात.

आता दुसरी बाजू. दूरस्थ विद्यार्थ्याला प्रकर्षाने उणे पडते ते बोलणे. व्यवस्थापन हे पुष्कळ अंशी तोंडाने करावयाचे काम आहे: सभेत मुद्दा मांडणे, वाटाघाट करणे, कामगाराला समजावणे, वरिष्ठांना नकार कळवणे. वर्गातले विद्यार्थी प्रकरण-चर्चेत आणि गटसादरीकरणात याचा काही सराव करतात. एकट्याने वाचणाऱ्याला तो मिळत नाही. शिवाय शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या ज्या प्रयोगांचा धडा त्याला परीक्षेसाठी वाचावा लागतो, त्यांवरून पुढे जो बोध घेतला गेला, तो त्याला स्वतःलाही लागू आहे: कामाच्या जागचा उजेड किती, यापेक्षा आपल्याकडे कोणाचे लक्ष आहे आणि आपण एका गटाचे आहोत, या भावनेने माणसाचे काम अधिक सुधारते. म्हणून अभ्यासकेंद्रावर भेटणाऱ्या चार-पाच जणांनी आपला अभ्यासगट करावा, आठवड्यातून एकदा समोरासमोर किंवा फोनवर जमावे, आणि प्रत्येकाने पाळीपाळीने एक घटक उभे राहून शिकवावा, हा उपाय मला सर्वांत परिणामकारक वाटतो. शिकवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याचा तो घटक पक्का होतोच, आणि न अडखळता दहा मिनिटे बोलण्याची सवयही लागते. इंग्रजीची अडचणही पुष्कळांना याच गटात सुटलेली दिसते. या विषयाची बरीच सामग्री इंग्रजीत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने तिला घाबरून तयार उत्तरांच्या मार्गदर्शिका घेण्याऐवजी मूळ घटक इंग्रजीत वाचावा आणि त्याची चर्चा मराठीत करावी. नफातोटा पत्रक, घसारा, तेरीज, ताळेबंद या गोष्टी ज्याने मराठीत नीट समजून घेतल्या, त्याला त्या इंग्रजीत लिहिण्यास फार काळ लागत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी पदवीच्या मान्यतेची खातरजमा करणे अगत्याचे आहे, आणि हे काम दलालावर किंवा ओळखीच्या माणसावर सोपवू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० सालच्या विनियमांनुसार, मान्यताप्राप्त संस्थेने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी ही त्याच विषयाच्या नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. २०२२ साली आयोगाने हे पुन्हा स्पष्ट केले. परंतु ही मान्यता केवळ संस्थेला असून भागत नाही. ती त्या विशिष्ट शिक्षणक्रमाला आणि त्या विशिष्ट प्रवेशसत्राला असावी लागते. आयोगाचे दूरशिक्षण मंडळ अशी यादी प्रसिद्ध करते, ती प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी स्वतः पाहावी. राज्याच्या विद्यापीठाने आपल्या प्रादेशिक कार्यक्षेत्राबाहेर अभ्यासकेंद्रे काढणे नियमबाह्य आहे, हेही लक्षात ठेवावे. परप्रांतीय विद्यापीठाची पाटी लावून गल्लीतल्या खाजगी शिकवणीने दिलेले आश्वासन पुढे दाखला पडताळणीच्या वेळी कुचकामी ठरते. शिवाय २०२४-२५ या वर्षापासून बी.बी.ए., म्हणजे व्यवसाय प्रशासनाची हीच पदवी, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आली आहे; तेव्हा आपण निवडलेल्या संस्थेला त्या दृष्टीने काय लागू होते, याची लेखी विचारणा करावी. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगीविना दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर जो निर्णय दिला, त्याने कित्येक वर्षे नोकरीत असलेल्या माणसांच्या पदव्या आणि बढत्या अडचणीत आल्या. त्यांतल्या बहुतेकांनी शुल्क भरले होते, अभ्यास केला होता आणि परीक्षाही दिल्या होत्या.

मान्यता असलेली पदवी हाती आल्यावर पदवीधरांसाठी खुल्या असणाऱ्या स्पर्धापरीक्षा, बँकांच्या भरतीपरीक्षा आणि एम.बी.ए.च्या प्रवेशपरीक्षा या तिन्ही वाटा मोकळ्या होतात. खाजगी क्षेत्रात मुलाखत घेणारा अधिकारी पदवी कोठून घेतली हे विचारील, यात संशय नाही. तेव्हा त्याला दाखवण्याजोगी गोष्ट म्हणजे अखेरच्या वर्षाचा प्रकल्प, आणि त्याविषयी थोडे सांगून हा लेख पुरा करतो.

बहुतेक विद्यार्थी प्रकल्पासाठी एखाद्या विख्यात कंपनीचे नाव घेतात आणि तिच्या छापील अहवालांतील उतारे जोडून पाने भरतात. दूरस्थ विद्यार्थ्याने असे करण्याचे काही कारण नाही. जो दूधसंकलन केंद्रावर काम करतो, त्याने आपल्याच केंद्राचा विषय घ्यावा, आणि तोही अगदी अरुंद: सकाळी दूध घालण्यास आलेल्या उत्पादकाला रांगेत किती वेळ थांबावे लागते, दूध केंद्रावर आल्यापासून ते शीतकरणास जाईपर्यंत किती वेळ जातो, आणि या विलंबाचा नासक्या दुधाच्या प्रमाणाशी काही संबंध दिसतो काय. उन्हाळ्यात एक आणि थंडीत एक असे दोन महिने रोज या नोंदी स्वतः ठेवाव्यात, त्यांची सरासरी आणि विचलन काढावे, उन्हाळ्याचे व थंडीचे आकडे निरनिराळे मांडावेत, वजनकाटा आणि फॅट तपासण्याचे यंत्र यांची जागा बदलली तर रांग किती कमी होते हे व्यवस्थापकाच्या परवानगीने आठवडाभर करून पाहावे, आणि निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध आला तरी तो जसाच्या तसा लिहावा. संस्थेचे नाव व आकडे वापरण्याची परवानगी लेखी घ्यावी आणि अहवालास जोडावी. मौखिक परीक्षेत परीक्षक पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतात की, हे आकडे कोठून आले. अशा विद्यार्थ्याने उत्तरादाखल आपली नोंदवही टेबलावर ठेवावी.